खिळ्यावरचा बिल्ला

फोन आला तेव्हा मी उमरखेडच्या एका कॉलेजात फळ्यासमोर उभा होतो. कथालेखनाची दोन दिवसांची कार्यशाळा होती आणि माझ्या तासाचा विषय होता, वाचकाला गोष्टीत ओढून कसं घ्यायचं. गेली काही वर्षं मी हा तास बऱ्याच ठिकाणी घेतो, आणि उदाहरण म्हणून दर वेळी माझीच 'पाठीमागे' ही गोष्ट घेतो. कोळसा खदानीच्या लॅम्प रूममधला एक म्हातारा गोष्ट सांगण्यात रंगलेला आहे, पाळी संपवून वर आलेले कामगार हसताहेत, आणि म्हाताऱ्याच्या पाठीमागे पाटीवरच्या एका खिळ्याला एक बिल्ला अजून लटकतो आहे. म्हणजे एक माणूस अजून खाली आहे. वाचकाला तो बिल्ला दिसतो, म्हाताऱ्याला दिसत नाही. "बघा," मी मुलांना सांगत होतो, "लेखक इथं काही ओरडून सांगत नाही. बिल्ला दाखवतो आणि गप्प बसतो. ओरडता तुम्ही, मनातल्या मनात... अहो, मागे बघा." तेवढ्यात खिशातला फोन थरथरला. दयारामभाऊंच्या मिलिंदचा होता. मी व्हरांड्यात आलो. "काका, बाबा गेले. पहाटे, झोपेतच. माती चार वाजता हाय," तो म्हणाला. मी येतो म्हणालो. आणि मग आत गेलो, उरलेला तास पूर्ण केला, टाळ्या घेतल्या, जेवलो. राजूरला पोचलो तेव्हा सगळं आटोपून लोक परतत होते.

हे पहिलं कबूल करतो, कारण पुढच्यापेक्षा हे कबूल करणं सोपं आहे. ज्या माणसाच्या मातीला मी पोचलो नाही, त्या दयारामभाऊंनी मला गोष्ट सांगायला शिकवली. माझ्या गोष्टीतला तो म्हातारा म्हणजे तेच. आणि त्या गोष्टीत मी त्यांच्याबद्दल खोटं लिहिलं. ती याच पुरवणीत बारा वर्षांपूर्वी छापून आली होती, म्हणून हेही इथंच लिहितो आहे.

मी चोविशीत वणीजवळच्या एका खदानीत हजेरी बाबू म्हणून लागलो. खदान आता बंद आहे. माझी खोली आणि दयारामभाऊंची लॅम्प रूम एकमेकींना लागून होत्या, मध्ये एक खिडकी. खाली उतरणाऱ्या प्रत्येकाला भाऊ हेल्मेटचा दिवा आणि कमरेची बॅटरी देत, आणि त्याच्याकडून त्याचा नंबर ठोकलेला पत्र्याचा बिल्ला घेऊन मागच्या पाटीवर त्या नंबरच्या खिळ्याला अडकवत. माणूस वर आला, दिवा परत दिला, की बिल्ला परत. पाळी सुटल्यावर पाटी रिकामी दिसली पाहिजे. माझं काम त्याच्या जोडीचं. माणूस खाली गेला की रजिस्टरात बरोबरची एक खूण, वर आला की दुसरी. बिल्ला आणि खूण, दोन्ही जुळलं की दिवस नीट गेला असं समजायचं.

पण लोक रांगेत गप्प उभे राहत ते भाऊंच्या गोष्टीसाठी. त्यांची रीत अशी की दिवे देता देता अर्धी गोष्ट सांगायची, आणि उरलेली अर्धी पाळी संपून दिवे परत घेताना. सुरुवात कधी 'एक गाव होतं' अशी नाही. एकदम मधूनच... "तं तो दार लोटते, अन् घरात कोणीच नाई, पण चूल पेटून हाय." रांगेतल्या प्रत्येकाला त्यात घरच्यासारखं काहीतरी सापडायचं. कोणी मारेगावकडचा असला तर गोष्टीतला बाजार मारेगावचा व्हायचा, कोणाच्या घरी नवी म्हैस आली असली तर गोष्टीत म्हैस यायची. आणि नेमकी अशा जागी थांबायची की शेवटचा माणूस दिवा घेऊनही हलायचा नाही. गुलाब नावाचा एक लोडर, म्हणजे खाली कोळसा भरणारा, होता, त्याला हे थांबणं अजिबात सोसायचं नाही.

"भाऊ, सांगून टाक ना. त्या रेड्याचं काय झालं?"

"वर ये, मंग सांगतो."

"अन् खालीच मेलो तं?"

"मंग तुले रेडा कायले पायजे?"

सगळी रांग हसायची. गुलाब शिव्या देत उतरायचा. आठ तासांनी वर आला की आंघोळीच्या आधी, काळ्या तोंडानंच, खिडकीशी हजर. "हं, आता रेडा."

मी तेव्हा लपूनछपून गोष्टी लिहायचो. एक दिवस धीर करून भाऊंना वाचून दाखवली. नायकाचं नाक, डोळे, भव्य कपाळ, सगळं वर्णन केलं होतं. त्यांनी शेवटपर्यंत ऐकली. "बाबू, त्याच्या पायात काय होतं?" मी म्हणालो, ते नाही लिहिलं. "नाक सर्व्यायलेच असते," ते म्हणाले, "चप्पल सांग. एका पायातली शिवलेली असंल तं तेवढीच सांग. बाकीचा माणूस ऐकणारा आपल्या मनानं उभा करते." मी आज कार्यशाळेत जे जे सांगतो, मोठमोठे शब्द वापरून सांगतो, त्यातलं एकही त्या खिडकीच्या पलीकडून न आलेलं नाही. कुठं थांबायचं, हे तर त्यांनी एका वाक्यात सांगितलं होतं. "ऐकणाऱ्यानं पाय उचलला पायजे अन् टेकवला नाई पायजे, तिथं थांबाचं."

एकदा मी विचारलं होतं, ही अर्ध्या गोष्टीची सवय कुठून लागली. ते दिव्याच्या काचा पुसत होते. म्हणाले, "दिवा घेतानी माणसाचं तोंड कसं होते, पाह्यलं का तू? घरचं सगळं तोंडावरून पुसल्यावानी होते. मंग वाटलं का याच्या पोटात अर्धी गोष्ट घालून देली तं बाकीच्या अर्धीसाठी तरी येईन वर." मग जरा वेळानं, "असं काही नसते म्हना. दगड का गोष्ट ऐकून थांबते? पण माया हातात दुसरं काय हाय?" ...मला त्या वयात ते फक्त गमतीचं वाटलं. वाचकाला ओढणं म्हणजे आत ओढणं, एवढंच मी समजलो. भाऊ माणसांना वर ओढत होते.

आता तो दिवस. मी तो बारा वर्षांपूर्वी एकदा लिहिला आहे, म्हणून पुन्हा लिहिताना हात अडतो. पहिली पाळी सुटली होती, दुपारची वेळ. सकाळी भाऊंनी लोकांना नदी उतरवून देणाऱ्या एका आंधळ्या घटवाल्याची गोष्ट अशा ठिकाणी सोडली होती की मलाच दिवसभर चैन पडलं नव्हतं. माणसं वर येऊ लागली. खरं तर प्रत्येकाचा चेहरा पाहून खूण करायची. मी मात्र, आणि हे त्या दिवशी पहिल्यांदा नव्हतं, पहिली चार-सहा तोंडं पाहिली आणि बाकीच्या सगळ्यांच्या नावासमोर एका दमात खुणा करून रजिस्टर मिटलं. मला खिडकीशी जाऊन गोष्ट ऐकायची होती. लोक येतच होते, सगळे रोज येतात... कोण न यायचा?

मी खिडकीशी उभा राहिलो. भाऊ दिवे घेत होते, बिल्ले देत होते, गोष्ट सांगत होते. आंधळा घटवाला नदीत काठी टेकवतो एवढ्यापर्यंत आले आणि शब्द अर्धाच सोडून मागे वळले. "अठ्ठ्याहत्तर कोठी हाय?" अठ्ठ्याहत्तर म्हणजे श्रावण. मला पक्कं आठवतं, रांगेत शेवटचे दोघं अजून दिवा हातात घेऊन उभे होते. इतक्या लवकर त्यांनी पाहिलं होतं. लोक म्हणाले, येईल मागून. भाऊ खिडकी सोडून पाळीवरच्या साहेबाकडे, ओव्हरमनकडे धावले. ओव्हरमन माझ्या खोलीत आला, त्यानं रजिस्टर उघडलं, आणि अठ्ठ्याहत्तरसमोर दोन्ही खुणा होत्या. "अरे, वर आलाय तो. बिल्ला घ्यायला विसरला असेल," तो म्हणाला. भाऊंनी रजिस्टराकडे पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं. मी गप्प राहिलो. "साहेब," ते म्हणाले, "कागद काहीबी म्हणो. बिल्ला खिळ्यावर हाय तवरिक माणूस खाली हाय." दोघं-तिघं श्रावणला आंघोळीच्या जागी, कँटीनमध्ये, सायकलच्या शेडमध्ये शोधून आले. त्यात वेळ गेला. किती, ते मी तेव्हा मोजलं नाही आणि पुढं मोजायची हिंमत झाली नाही. मग माणसं खाली गेली. छत बसलं होतं. डॉक्टर म्हणाले, जागीच गेला, पाळी सुटायच्या बऱ्याच आधी. कोणी पळत गेलं असतं तरी काही झालं नसतं.

मी ते वाक्य इतकी वर्षं जपून ठेवलं आहे. पण ओव्हरमनला रजिस्टर दाखवताना मला ते माहीत नव्हतं. तेव्हा श्रावण जिवंतही असू शकला असता, आणि मी गप्प होतो.

संध्याकाळच्या गडबडीत भाऊ माझ्या खोलीत आले. दार लोटलं. "बाबू, ती खूण खोड, अन् साहेबाले सोता सांग." मी खूण खोडली. सांगितलं मात्र नाही. ओव्हरमनला वाटलं घाईत एखादी चुकीची पडली असेल, त्यानं पुढं विचारलं नाही. भाऊंनीही कोणाला कधी सांगितलं नाही. फक्त त्यानंतर त्यांनी लॅम्प रूममध्ये एकही गोष्ट सांगितली नाही. आंधळ्या घटवाल्याचं पुढं काय झालं, हे गुलाबनंसुद्धा विचारलं नाही.

वर्षं गेली. भाऊ निवृत्त झाले, खदान बंद पडली, मी दुसऱ्या कचेरीत गेलो, माझं थोडं नाव होऊ लागलं. राजूरच्या त्यांच्या घरी मी अधूनमधून जायचो. दाराशेजारी त्यांनी एक फळी ठोकली होती, तिला खिळे. जुने सोबती भेटायला आले की घरी मात्र भाऊ पुन्हा अर्धी गोष्ट सांगत, आणि निघताना ज्याचा त्याचा बिल्ला खिळ्याला लावून घेत. तेलाच्या डब्याचा पत्रा कापून स्वतः केलेले बिल्ले. "उतरून राह्यले ना पुन्हा जगात," म्हणायचे, "परत या, बाकीची सांगतो." कामगारांच्या बिल्ल्यांवर त्यांचे जुने नंबर होते. वर बसणाऱ्या बाबूला नंबर नसतो. माझ्या बिल्ल्यावर भाऊंनी खिळ्यानं ठोकून नुसती बरोबरची खूण काढली होती.  तीच का, ते मी विचारलं नाही.

आणि मग मी 'पाठीमागे' लिहिली. पहिल्या खर्ड्यात ते खरं तसंच होतं. हजेरी बाबू होता, रजिस्टर होतं, खोटी खूण होती. वाचून पाहिलं, तर गोष्ट बसत नव्हती. कागदावरची खूण दिसत नाही हो वाचकाला... लटकणारा बिल्ला दिसतो. हसणारी माणसं आणि त्यांच्या मागे हलणारा पत्रा, हे चित्र एकदा डोळ्यांपुढं आल्यावर मला आवरलं नाही. मी बाबूला काढून टाकलं. म्हाताऱ्याची पाठ पाटीकडे केली आणि ती अर्धा तास तशीच ठेवली. असं म्हणतो मी, की गोष्टीसाठी केलं. कार्यशाळेतही तसंच सांगतो. पण बाबू गोष्टीतून गेला तेव्हा मला जे हलकं वाटलं, ते लेखकाला वाटतं तसलं नव्हतं. नाव बदललं होतं, बाकी सगळं भाऊंचंच ठेवलं. काचा पुसायचं फडकं, मधूनच सुरू होणाऱ्या गोष्टी, अगदी रेडासुद्धा. लोकांना खरं वाटावं म्हणून. आणि लोकांना ते खरं वाटलं.

श्रावणच्या बायकोला, सुमनबाईंना, ती गोष्ट त्यांच्या मुलीनं वाचून दाखवली. दोन्ही घरं एकाच वस्तीतली. श्रावण गेल्यापासून भाऊ आणि शांतावहिनी त्या घराच्या प्रत्येक कार्याला उभे असत. गोष्ट छापून आल्यावर सुमनबाई भाऊंच्या दारात आल्या आणि एवढंच विचारलं, "भाऊ, हे खरं हाय का?" हे मला पुढं मिलिंदनं सांगितलं. भाऊ म्हणाले, "गोष्ट हाय ते, बाई." दुसरं काही नाही. सुमनबाईंना तो कबुलीजबाब वाटला. त्या दिवसापासून त्यांनी बोलणं टाकलं.

गोष्ट आल्यावर तीनेक आठवड्यांनी मी गेलो. भाऊंनी बिल्ला खिळ्यावरून काढून माझ्यासमोर ठेवला, चहा ठेवायला सांगितला. पुरवणीची घडी त्यांच्या उशाशी होती. "चांगली बसवली," ते म्हणाले. "वाचणाऱ्याचा डोया खिळ्यावरून हालू नाई देला. मायाच हात हाय तो."  चहा झाला. मग त्यांनी विचारलं, आवाज न चढवता, खरंच जाणून घ्यायचं असल्यासारखं. "पण काहून बदललं, बाबू?"

"गोष्टीला तसं लागतं, भाऊ."

"हो," ते म्हणाले. "गोष्टीले लागते."

निघालो तेव्हा ते दारापर्यंत आले आणि नेहमीसारखं मधूनच सुरू केलं. "तं तो बाजाराले चालला, अंगात दुसऱ्याचा सदरा. वाटेत सदऱ्याचा धनी भेटते. धनी काहीच म्हनत नाई. नुसता संगं चालते. दोघं गोठी करत चालून राह्यले. मंग आडवी नदी येते. पूल नाई. उतराचं तं सदरा काढून डोक्शावर घ्या लागते..." तिथं थांबले. माझा बिल्ला उचलून खिळ्याला लावला. "बाकीची येशीन तवा. येजो."

मी बारा वर्षं गेलो नाही. राजूरवरून गाडीनं कितीदा गेलो असेन. उतरलो नाही. त्यांचे तीन-चार फोन आले, तब्येतीपाण्याचे, 'येजो' म्हणून. मी कामं सांगितली. आणि त्या काळात जिल्ह्याजिल्ह्यांत जाऊन त्यांची पाठ पाटीकडे करून दाखवत राहिलो.

त्या दिवशी उशिरा पोचलो तेव्हा बैठकीत बुद्धाच्या मूर्तीपुढं मेणबत्त्या लावलेल्या होत्या, शेजारी भाऊंचा फोटो. शांतावहिनी भिंतीला टेकून बसल्या होत्या. मी पाया पडलो. उठताना दाराकडे नजर गेली. फळी तिथंच होती. सोबती एकेक करून गेले, त्यांचे बिल्ले भाऊंनी एका डब्यात ठेवले होते. फळीवर एकच राहिला होता, बरोबरच्या खुणेचा. पत्रा जुना झाला होता, पण गंजलेला नव्हता. मी वहिनींना विचारलं, सदऱ्याची गोष्ट त्यांनी तुम्हाला पुरी सांगितली होती का. "म्या इचारलती," वहिनी म्हणाल्या. "म्हनले, ते बाबूची हाय. तो आल्यावर सांगीन."

भाऊंच्या पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला, त्याच्या दुसऱ्या दिवशी मी सुमनबाईंकडे गेलो. त्या अंगणात तूर पाखडत होत्या. मी उभ्या उभ्याच सगळं सांगितलं. खूण, रजिस्टर, ओव्हरमन, गप्प राहणं. या वेळी कुठंही थांबलो नाही, कुठलं आधी कुठलं मागं याचा विचार केला नाही. त्यांचं सूप चालूच होतं. मग थांबलं.

"म्हंजे त्यायनंच पह्यले पाह्यलं?"

"हो."

"अन् मी बारा वर्स त्या मानसाच्या दारावरून तोंड फिरवून गेली." त्यांनी सूप खाली ठेवलं. "मातीलेबी नाई गेली. दोन घरं सोडून मयत, अन् मी दार लावून बसली." मी काहीतरी म्हणायला गेलो. "तुमी नका बोलू," त्या म्हणाल्या. "श्रावणचं जे झालं ते झालंच असतं, डॉक्टरनं सांगतलं होतं मले. त्याचं नाई म्हनत मी. हे दुसरं. हे तुमी केलं." आणि सूप पुन्हा हातात घेत, माझ्याकडे न पाहता, "मले एकटीले सांगून काय होते? जिथं लिवलं तिथं लिवा. माया पोरीनं वाचून दाखवलं पायजे, तसंच. मंग मी जाईन शांताबाईकडे."

म्हणून हे लिहिलं. लिहिताना जुनी सवय जाता जात नाही. रजिस्टराची गोष्ट मी इथंही बरीच उशिरा सांगितली, आधी रेडा सांगितला, चप्पल सांगितली. तुम्ही ओढले गेला असाल तर तो हात भाऊंचा आहे. खोटेपणा तेवढा माझा होता. यापुढं 'पाठीमागे' मी कुठंही शिकवणार नाही.

भाऊंच्या घरून निघताना शांतावहिनींनी बिल्ला खिळ्यावरून काढून माझ्यापुढं धरला होता. "घिऊन जा बाबू आता. देनारा गेला." मी घेतला नाही. घ्यायचा तो वर आल्यावर, ही त्याच घराची रीत आहे. सदऱ्याचं पुढं काय होतं ते सांगणारं आता कोणी नाही. नदीपर्यंत आलेला तो माणूस माझ्याकडेच राहिला आहे, सदऱ्याच्या गुंडीला हात लावून. मिलिंद सांगतो, आई रोज सकाळी फडकं घेऊन फळी पुसते. भाऊ दिव्याच्या काचा पुसायचे ते तेच फडकं. बिल्ला काढते, पुसते, आणि पुन्हा त्याच खिळ्याला लावते.